गंग-हो: शाबासकी की टोमणा?

प्रश्न: परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब माझ्याबद्दल म्हणाले, या मॅडम नव्या प्रोजेक्टबद्दल एकदम गंग-हो आहेत. शेजारचे दोघं हसले. हे कौतुक होतं का टोमणा? आणि मुलगा म्हणतो शब्द चिनी आहे, खरंच का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय, इंग्रजीत ‘उत्साही’ या अर्थाने वापरतात तो हा शब्द मूळचा चिनीच. पण गंमत अशी की चिनी भाषेत याचा उत्साहाशी काही संबंधच नाही, ते चक्क सहकारी संस्थेचं नाव आहे! जपानी हल्ल्यात चीनच्या किनाऱ्याकडचे कारखाने गेले तेव्हा १९३८ साली आतल्या भागात छोट्या छोट्या औद्योगिक सहकारी संस्था काढायची चळवळ सुरू झाली, त्यात रेवी ॲली नावाचा न्यूझीलंडचा माणूस पुढे होता. ‘औद्योगिक सहकारी संस्था’ हे लांबलचक चिनी नाव कोण घेणार, म्हणून दोन अक्षरं उचलून झालं गंग-हो, आपण जिल्हा मध्यवर्ती बँकेला डीसीसी म्हणतो ना तसंच.

तिथे इव्हान्स कार्लसन हा अमेरिकन मरीन अधिकारी आला. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस पुढे चिनी कम्युनिस्टांच्या ज्या आठव्या रूट आर्मीत डॉक्टर म्हणून गेले त्याच सैन्याबरोबर हा आधी फिरला होता आणि तिथली एकजूट बघून भारावला होता. ॲलीकडून त्याने हा शब्द घेतला, अर्थ लावला ‘मिळून काम करा’ आणि १९४२ मध्ये स्वतःच्या बटालियनचं ते घोषवाक्यच करून टाकलं. त्याच्या गंग-हो मीटिंगांमध्ये साधा शिपाईसुद्धा अधिकाऱ्यापुढे तोंड उघडू शकायचा, सैन्यात हे म्हणजे फारच झालं, त्यामुळे बाकीचे मरीन वैतागून कोणी जास्तच जोशात आला की ‘आला बघा गंग-हो’ अशा सुरात तो शब्द वापरायला लागले. शिवाय १९४३ मध्ये याच नावाचा सिनेमा आला आणि शब्द घरोघरी गेला.

म्हणजे एकजुटीचा शब्द एकट्याच्या उत्साहावर आला, आणि आता तर बऱ्याचदा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या माणसासाठी वापरतात, पुढचा-मागचा विचार न करता उडी घेणारा. नुसतं ‘उत्साही’ म्हणूनही चालतो, सगळं सुरावर आहे.

शेजारचे हसले म्हणताय म्हणजे मला जरा शंकाच येतेय हो. पुढच्या वेळी साहेबांना मूळ अर्थ सांगा, सहकारी संस्था आहे म्हटल्यावर निम्मं काम त्यांच्याकडेही येतं.