शुल्कमाफीचा अर्ज लिहिताना

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या संस्थेच्या नव्या इमारतीचं परवाना शुल्क नगरपालिकेने माफ करावं, या तुझ्या निवेदनाचा मसुदा वाचला. जमीन दान मिळालेली, सिमेंट-सळई दान मिळालेली, नकाशे विनामोबदला काढून दिलेले, गवंड्यापासून रंगाऱ्यापर्यंत बरेच जण आपले श्रम देणार. अशा इमारतीच्या परवानगीसाठीही नगरपालिका पैसे मागते, याचा तुला संताप आला आहे. माझं मत आधीच सांगतो. अशा कामांना शहराने सूट द्यावी. पण तुझ्या मसुद्यात ती ज्या शब्दांत मागितली आहे, त्या शब्दांत ती मिळू नये.

‘या इमारतीसाठी शहराला काहीच खर्च येणार नाही’ हे वाक्य सगळ्यात आधी काढून टाक. कोणीतरी नकाशे तपासणार आहे. जिना किती रुंद, आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडणार, तुळईवर भार किती, सांडपाणी कुठे जाणार, हे बघायला प्रशिक्षित माणसाचे तास लागतात. अमेरिकेत पूर्वी अनेक शहरांत चालणाऱ्या ‘युनिफॉर्म बिल्डिंग कोड’च्या १९९७ च्या आवृत्तीत नकाशांच्या छाननीचं शुल्क परवाना शुल्काच्या ६५ टक्के धरलेलं होतं, आणि तेही परवाना शुल्काशिवाय वेगळं. नुसते कागद तपासणं केवढं काम आहे, याचा त्यावरून अंदाज येईल. पुढे पाया, सळईची बांधणी, वायरिंग, नळजोडणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, अशा प्रत्येक टप्प्यावर निरीक्षकाची फेरी असते. तुमच्याकडे हौसेने काम करणारी माणसं जास्त आहेत. म्हणजे या फेऱ्या वाढतील, कमी होणार नाहीत. म्हणून पैशांच्या सवलतीबद्दल हवं तेवढं भांड, पण तपासणीत सवलत मिळाली तर बरं, असा सूर निवेदनात कुठेही उमटू देऊ नकोस. दान मिळालेल्या इमारतीचं छत कोसळलं तर खालची माणसं खरीच असतात.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. शुल्क आणि कर यांतला फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सांगितला: कर हा सर्वांवरचा सामायिक भार, शुल्क हे विशिष्ट सेवेचा मोबदला. पुढच्या निकालांनी हा हिशेब बराच सैल केला, पण मूळ विचार जगभर दिसतो. फ्लोरिडात बांधकाम परवान्याचे पैसे बांधकाम संहितेच्या अंमलबजावणीवरच खर्च करावे लागतात. कॅलिफोर्नियात मतदारांनी २०१० मध्ये मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन २६’ या तरतुदीनंतर, शुल्क सेवेच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त झालं तर तो कर ठरू शकतो आणि त्याला मतदारांची मंजुरी लागते. अशा ठिकाणी तुमचं शुल्क माफ करून ती तूट शेजाऱ्याच्या शुल्कात मिसळता येत नाही, आणि मला तर ते नैतिकदृष्ट्याही पटत नाही. घराला एक खोली वाढवणाऱ्या कुटुंबाने नकळत तुमच्या प्रकल्पाला देणगी का द्यावी?

म्हणून ‘माफी’ऐवजी ‘अनुदान’ माग. परवाना विभागाला त्याचं पूर्ण शुल्क मिळू दे, ते शहराच्या सर्वसाधारण निधीतून, अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष दाखवून. वॉशिंग्टन राज्याने अल्प उत्पन्न गटाच्या घरांना विकास-परिणाम शुल्कात (नव्या बांधकामामुळे रस्ते, शाळा, उद्यानांवर पडणाऱ्या भारापोटी घेतल्या जाणाऱ्या शुल्कात) सूट देताना असंच काहीसं ठरवलं आहे. ८० टक्क्यांपर्यंत सूट दिली तर ती भरून काढण्याची स्पष्ट सक्ती नाही, पण पूर्ण माफी दिली तर ८० टक्क्यांपलीकडचा उरलेला वाटा शहराला दुसऱ्या सार्वजनिक निधीतून भरावा लागतो. तुमचे विश्वस्त म्हणतील, एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचं, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांना सांग की या वाटेत नगरपालिकेची एक सभा आहे. तिथे आकडा मोठ्याने वाचला जातो, विरोध करणाऱ्याला बोलता येतं आणि वर्षअखेरीस कोणालाही विचारता येतं की किती दिलं, कोणाला दिलं. अधिकाऱ्याच्या एका शेऱ्यावर मिळालेली माफी पुढच्या अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने जातेही.

एका मुद्द्यावर मात्र तुझा राग मला पूर्ण पटतो, आणि नेमका तोच तू एका ओळीत उरकला आहेस. अनेक ठिकाणी शुल्क कामाच्या एकूण मूल्यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेतही परवान्यासाठीच्या मूल्यात साहित्य आणि मजुरी दोन्ही धरायला सांगितली आहे. म्हणजे गवंड्याने एक पैसा न घेता भिंत बांधली तरी त्या भिंतीची मजुरी शुल्काच्या हिशेबात येते. नियमामागे कारण आहे. तसं नसतं तर प्रत्येक बिल्डरने आपली माणसं फुकट राबतात असं लिहून दिलं असतं. पण परवाना विभागाचा खर्च भिंतीच्या किमतीवर ठरत नाही, तो तपासणीच्या तासांवर ठरतो. दानातल्या महागड्या फरशीमुळे निरीक्षकाचा एक मिनिटही वाढत नाही. तेव्हा दान आलेल्या कामांचं शुल्क क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष तपासण्यांवर काढावं, अशी मागणी कर. ही मागणी दयेवर उभी नाही, हिशेबावर उभी आहे. निवेदनाची दोन पानं यावर खर्च झाली तरी चालतील.

पात्रतेबद्दल थोडकंच लिहितो. ‘आमच्या संस्थेला’ हे शब्द काढ आणि नियम माग, जो तुमच्याइतकाच, ज्यांची नगरसेवकांशी ओळख नाही अशा लहान संस्थेलाही लागू होईल. केवळ नोंदणी पुरेशी धरू नये. ना-नफा म्हणून नोंदलेली पण भरपूर ठेवी असलेली रुग्णालयंही असतात. त्यांना सूट द्यावी असं मला वाटत नाही. वास्तू सर्वांना खुली असावी, आणि काही वर्षांच्या आत विकली किंवा व्यापारी वापरात गेली तर अनुदान परत करावं, ही अट तुम्हीच आपणहून सुचवा. सभागृहात त्याने विश्वास वाढतो.

आकारणीच्या कागदातल्या सगळ्या रकमा शहराच्या नसतात, हेही तपास. कॅलिफोर्नियात शहरं परवान्याबरोबर भूकंपमापन यंत्रणेसाठीचं शुल्क गोळा करून राज्याकडे पाठवतात. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर ती यंत्रणा उभी राहिली. अशी रक्कम शहर माफ करू शकत नाही, फार तर स्वतः भरू शकतं. प्रत्येक ओळीपुढे ती कोणाकडे जाते हे लिहून काढ.

देणगीदारांनाही विचार. जो कोनशिलेवर नाव कोरून घेतो, त्याच्या देणगीच्या अंदाजपत्रकात परवाना शुल्काची ओळ का नसावी? तुम्ही ती मागितलीच नाही, हे मसुद्यावरून दिसतं.

आणि वेळेची मागणी शुल्काच्या मागणीच्याही वर लिही. मजुरी देऊन लावलेले गवंडी पुढच्या महिन्यात पुन्हा मिळतात; सुट्टी काढून आलेला स्वयंसेवक तीन महिने फाइल अडकली की परत येतोच असं नाही. दान दिलेलं सिमेंट गोदामात पडून खराब होतं. अर्ज करण्यापूर्वी नकाशांवर एक बैठक, संपर्कासाठी एकच अधिकारी, त्रुटी एकदाच आणि लेखी: शहराला यासाठी फारसा पैसा लागत नाही, आणि तुमचं त्यात शुल्कापेक्षा जास्त वाचू शकतं.

नवा मसुदा रकमांच्या तक्त्यासह पाठव. सभेच्या कार्यपत्रिकेवर विषय कधी घेतला जातो, तेही नगरसचिवांच्या कार्यालयात विचारून ठेव. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी तो यायला हवा.

तुझा हितचिंतक