‘टु हॅव’ कुठे आणि ‘हॅविंग’ कुठे?

प्रश्न : ‘ही सीम्स टु हॅव लॉस्ट द की’ आणि ‘हॅविंग लॉस्ट द की, ही वेटेड आउटसाइड’. किल्ली दोन्हीकडे आधीच हरवली आहे. मग रूपं वेगळी का?

उत्तर : काळाच्या बाबतीत दोन्ही रूपं सारखीच आहेत, मुख्य क्रियापदाच्या आधी घडलेली गोष्ट ती सांगतात. फरक वाक्यातल्या जागेचा आहे. ‘टु हॅव लॉस्ट’ हे परफेक्ट इन्फिनिटिव्ह. ते काढून टाकलं तर नुसतं ‘ही सीम्स’ उरतं आणि वाक्य लटकतं. सीम, अपीअर, क्लेम, प्रिटेंड, ‘इज सेड’, ‘इज बिलिव्ह्ड’ यांच्यानंतर हेच रूप येतं. मराठीत ‘हरवलेली दिसते’, ‘हरवली म्हणे’ असं आपण म्हणतो, तो हा अर्थ.

‘हॅविंग लॉस्ट द की’ हे परफेक्ट पार्टिसिपल मात्र खुशाल गाळा, ‘ही वेटेड आउटसाइड’ हे वाक्य पूर्णच राहतं. आधी काय झालं किंवा कशामुळे झालं, एवढीच भर ते घालतं. चुका होतात त्या इथे. हॅविंगचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच हवा. ‘हॅविंग लॉस्ट द की, द डोअर रिमेन्ड शट’ असं लिहिलं तर किल्ली दारानेच हरवली असा अर्थ होतो. कर्ते दोन असतील तर सरळ ‘ॲज ही हॅड लॉस्ट द की, द डोअर रिमेन्ड शट’ लिहावं.

मराठीतल्या प्रत्येक ‘ऊन’साठी हॅविंग लागतंच असं नाही. ‘दार उघडून तो आत आला’ याला ‘ओपनिंग द डोअर, ही केम इन’ पुरेसं आहे, कारण दोन्ही क्रिया लागोपाठ होतात. पण ‘जेवून तो बाहेर पडला’ याला ‘ईटिंग लंच, ही वेंट आउट’ लिहिलं तर तो जेवता जेवताच बाहेर पडला असं वाटेल. तिथे ‘हॅविंग ईटन लंच’ हवंच. नकार असेल तर ‘नॉट’ हॅविंगच्या आधी ठेवा : ‘नॉट हॅविंग स्लेप्ट, शी वॉज टायर्ड’.

प्रश्न : ‘ही डिनाइज टु हॅव सीन द लेटर’ हे चूक कसं?

उत्तर : डिनाय आणि ॲडमिट यांच्यानंतर ‘टु हॅव’ चालत नाही. ‘ही डिनाइज हॅविंग सीन द लेटर’ हे बरोबर. हे हॅविंग दिसायला वरच्यासारखंच असलं तरी इथे ते नामाचं, म्हणजे कर्माचं काम करतं. त्याला परफेक्ट जेरंड म्हणतात. क्लेमचं नेमकं उलट : ‘ही क्लेम्स टु हॅव सीन द लेटर’. क्रियापद पाठ करतानाच त्याच्यानंतर काय येतं तेही पाठ करावं, कारण हे ठरवणारा एकच नियम नाही.