सर्क्युलर आरएनएमुळे रक्तवाहिन्यांच्या ट्यूमरच्या पेशी वाढतात म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की बाळांच्या हिमँजिओमाबद्दल (ती स्ट्रॉबेरीसारखी लाल गाठ) वाचताना सारखं 'सर्क्युलर आरएनए स्पंजचं काम करतो' असं येतं, ते काय प्रकरण आहे. मी आरएनएवरच काम करते, तर लॅबमध्ये दिसतं तसं सांगते.

साधा एमआरएनए (प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप नेणारा आरएनए) म्हणजे दोरा, टोक सापडलं की पेशीतली एन्झाइम्स तो खाऊन टाकतात. सर्क्युलरमध्ये स्प्लायसिंगच्या (कच्च्या आरएनएचे कामाचे तुकडे, म्हणजे एक्सॉन, जोडण्याच्या) वेळी पुढच्या एक्सॉनचं शेपूट मागच्या एक्सॉनच्या डोक्याला जोडलं जातं आणि बांगडी तयार होते, मग टोकच नाही तर खाणार कुठून? सॅम्पलमध्ये आरनेज आर (टोक असलेला आरएनए खाणारं एन्झाइम) घातलं की जेलवर अ‍ॅक्टिनचा (नेहमीच्या सरळ एमआरएनएचा) बँड जवळजवळ गायब आणि बांगडीचा तसाच. प्रायमरसुद्धा (हव्या त्या आरएनएच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांकडे पाठ करून डिझाइन करावे लागतात, मी पहिल्यांदा सवयीने समोरासमोर केले, त्यात साधा आरएनएपण आला आणि आठवडा पाण्यात.

आता स्पंज. व्हीईजीएफ-ए हे प्रोटीन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना 'वाढा' म्हणून सांगतं, काही मायक्रोआरएनए (अगदी छोटे आरएनए) त्याच्या एमआरएनएवर बसून त्याला दाबून ठेवतात. बांगडीने हे मायक्रोआरएनए स्वतःकडे अडकवून ठेवले की ब्रेक सुटला. हिमँजिओमात सर्क-एपी२ए२ नावाची बांगडी मिर-३८२-५पी हा मायक्रोआरएनए अडकवते आणि व्हीईजीएफ-ए वाढतं असा २०२० चा पेपर आहे.

पण खरं सांगू का, मला हे स्पंज प्रकरण दर वेळी पटत नाही. २०१३ मध्ये गाजलेल्या सीडीआर१एएस बांगडीवर मिर-७ बसायच्या ७० हून जास्त जागा आहेत, बाकी बहुतेकांवर एक-दोन, वर पेशीत त्यांच्या कॉपीही बऱ्याचदा मोजक्याच, आणि मायक्रोआरएनए शेकड्यांनी, मग स्पंज कसला, टिपकागद म्हणा. डिशमध्ये बांगडी भरमसाट बनवली की पेशी वाढणारच, बाळाच्या गाठीत तेच होतं हे त्यावरून सिद्ध होत नाही, म्हणून असा पेपर दिसला की मी आधी बांगडी आणि मायक्रोआरएनए दोघांच्या कॉपी मोजल्यात का ते बघते.

आणि घरातल्या बाळासाठी विचारत असाल तर यातलं औषध अजून कुठेच नाही. प्रोप्रॅनोलॉल आहे, मूळचं हार्टचं, ते या गाठीवर चालतं हे २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी कळवलं. गाठ पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने वाढते, त्यामुळे डोळ्याजवळ किंवा ओठावर असेल तर या आठवड्यातच स्किनच्या नाहीतर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.