खुरप्याच्या, चाकूच्या मुठीला अंधारात चमकणारी पट्टी कशी करावी? रात्रभर चमकते का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: रात्रीच्या लाईटवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाता, बांधावर ठेवलेलं खुरपं आणि पाईप कापायचा चाकू अंधारात सापडत नाही. मुठीला चमकणारा रंग लावून बघितला, तो पंधरा दिवसांत खरवडून निघाला. आता कोणती पावडर घ्यावी आणि ती रात्रभर चमकेल का, हे तुम्हाला हवंय.

अंबाजोगाईजवळ माझं सुतारकामाचं छोटं दुकान आहे. खुरपी, विळे, कोयते, चाकू यांना मुठी बसवायचं काम बारा महिने असतं आणि अशा चमकत्या पट्ट्या मी बऱ्याच मुठींत भरल्यात. माझ्या मते पावडर कोणती हा निम्माच प्रश्न आहे. ती लाकडाच्या वर बसते की लाकडाच्या आत, आणि तिच्या खाली पांढरं आहे की नाही, यावर बाकीचं निम्मं ठरतं. वरून फासलेला रंग हाताच्या घामाने, मातीने जाणारच. तो कितीही महाग असला तरी जाणार.

आधी पावडर. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हे नाव बघूनच घ्या. यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही मूलद्रव्यं अगदी थोडी मिसळलेली असतात. जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ मध्ये ही पावडर काढली. त्याआधी तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड चालायचं, ते तासाभरात विझल्यात जमा व्हायचं. स्वस्तातल्या खेळण्यांत आणि छताला चिकटवायच्या चांदण्यांत अजूनही बऱ्याचदा तेच असतं. रंगात हिरवाच घ्या. आपल्या डोळ्याला अंधारात तोच सगळ्यात उजळ दिसतो, त्याच्याखाली निळसर-हिरवा. लाल, केशरी दिवसा छान दिसतात आणि रात्री निराशा करतात. दाणा थोडा जाड मिळाला तर बरं, कारण जाड दाणा जास्त चमकतो. फार बारीक दळलेली पावडर रंगात मिसळायला सोयीची, पण मंद.

गाडीच्या नंबरप्लेटवाल्याकडे जाऊन ‘रेडियम’ मागू नका. तो जी पट्टी देईल ती उसाच्या ट्रॉलीच्या मागे लावतात ती. समोरून उजेड पडला की तो परत फेकते, स्वतः चमकत नाही. आणि खरं रेडियम यात कुठेच नाही, त्यामुळे घाबरायचंही कारण नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या बायका ओठांनी ब्रशाला टोक काढायच्या, त्यांच्या जबड्याची हाडं कुजली. ती गोष्ट वेगळी. आजची पावडर किरणोत्सारी नाही, ती फक्त उजेड पिऊन घेते आणि हळूहळू सोडते. घासताना तिची धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

आता ‘रात्रभर’चं. उजेडातून अंधारात नेल्यावर पहिली काही मिनिटं पट्टी हिरवीगार पेटते, मग झपाट्याने उतरते आणि पुढे मंद उजेड तासन्‌तास रेंगाळतो. पाकिटावर लिहिलेले दहा-बारा तास हे उजेड ०.३२ मिलिकँडेला प्रति चौरस मीटरपर्यंत (हे उजळपणा मोजायचं माप) उतरेतोवर मोजलेले असतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जेवढं जेमतेम कळतं, त्याच्या साधारण शंभरपट हा उजेड. म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो सरावलेल्या डोळ्याचा असतो. डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तुम्ही तर मधूनमधून पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर बॅटरी मारणार. त्यामुळे संध्याकाळी उन्हातून आणलेलं खुरपं पहाटे तीनला लांबून दिसेल अशी आशा धरू नका.

उपाय सोपा आहे. हत्यार खाली ठेवताना त्याच्या मुठीवर अर्धा-एक मिनिट बॅटरी धरा. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर असतो आणि या पावडरला निळा किंवा त्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाशच लागतो. मोबाईलची फ्लॅशही चालते. जुन्या पिवळ्या बल्बखाली तास घालवला तरी फारसं काही होत नाही. नोटा तपासायची जांभळी बॅटरी असेल तर काही सेकंदांत काम होतं.

बॅटरी हातात असताना हे कशाला, असं आमच्याकडे बरेच जण विचारतात. दारं धरताना दोन्ही हात चिखलात असतात, बॅटरी काखेत किंवा बांधावर आडवी. मग माणूस खुरप्यासाठी गवतात हात चाचपडतो. मण्यार रात्रीच फिरते, आणि पाणी सोडलं की बिळातलं सगळं बांधावर येतं. नुसतं एवढ्यासाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे. स्वयंपाकघरातल्या चाकूला मी म्हणेन नको, तिथे ती शोभाच.

मुठीत भरायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो. मूठ बाभळीची किंवा शिसवीची, कोरडी हवी. ओल्या बाभळीत भरलेलं पुढे लाकूड आकसलं की कडेने सुटतं. मुठीच्या मागच्या टोकाकडे, तळहात झाकणार नाही अशा जागी, गोल खाच पाडा. रुंदी तीन मिलिमीटर, खोली दोन ते अडीच. लेथ (लाकूड फिरवून कापायचं यंत्र) असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर हॅक्सॉच्या पात्याने दोन कडा कापून मधलं कानशीने काढा. खाचेचा तळ तोंडापेक्षा किंचित रुंद करता आला तर भरलेलं कधी बाहेर पडत नाही.

मग खाचेत पांढरा रंग. ही पायरी लोक गाळतात आणि मग पावडरला नावं ठेवतात. बाभळीचं लाकूड गडद असतं, आत जाणारा अर्धा उजेड तेच खाऊन टाकतं. पांढऱ्या तळावरून तो परत बाहेर येतो. साधा पांढरा प्रायमर दोन हात लावा आणि पूर्ण वाळू द्या.

पावडर कशात कालवायची? फेविकॉलमध्ये नको. त्यात पाणी असतं, आणि ही पावडर पाण्यात हळूहळू विघटन होऊन मरते. पारदर्शक इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारा गोंद) घ्या, हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवा, आधी दोन्ही नीट एकत्र करा, मगच पावडर घाला. तीन भाग इपॉक्सीला एक भाग पावडर, वजनाने. पावडर जड असते, पातळ मिश्रणात ती तळाशी बसते. त्यामुळे मिश्रण घट्ट पिठल्याइतकं दाट हवं. ढवळायला लाकडी काडी घ्या, लोखंडी पट्टी किंवा चमचा नको. दाणे इतके कडक असतात की ते लोखंड खरवडतात आणि सगळं मिश्रण करडं पडतं. उजेडाने सुकणारं यूव्ही रेझिन दिसायला सोयीचं वाटतं, पण अतिनील प्रकाश पावडरच पिऊन टाकते, त्यामुळे खोल खाचेत आतलं कच्चं राहतं.

खाच किंचित वर येईल इतकी भरा आणि वरून खोकी चिकटवायची टेप गुंडाळा. इपॉक्सी त्या टेपला धरत नाही आणि ओघळत नाही. एक दिवस हात लावू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारी हे काम करू नका, परभणीकडच्या उन्हात कालवलेलं इपॉक्सी वाटीतच तापून दगड होतं. पहाटे करा. पावसाळ्यात उलटी पंचाईत, दमट हवेत वर चिकट पांढुरका थर येतो. तो साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून मग घासा.

एक क्रम पाळाच. मुठीला पितळी किंवा लोखंडी रिव्हेट (पातं मुठीत धरून ठेवणारे खिळे) असतील तर ते आधी घासून साफ करा, खाच त्यानंतर भरा. नाहीतर धातूचा काळा भुगा ताज्या पट्टीत रुतून बसतो आणि मग निघत नाही. पट्टी १२० च्या पॉलिश पेपरने सपाट करा, मग २४०, मग ४००. घासल्यावर वरचे दाणे उघडे पडतात, त्यांना पाणी लागू नये म्हणून पट्टीवर नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात द्या. बाकी लाकडाला करडईचं किंवा जवसाचं तेल, पण सगळ्यात शेवटी. तेल आधी लागलं तर इपॉक्सी धरत नाही.

पट्टी पात्याजवळ कधीच नको. अंधारात हात उजेडाकडे जातो, आणि तिथे धार असेल तर बोटं जातील. मी मुठीच्या मागच्या टोकाला गोल कडं करतो आणि पात्याच्या पाठीच्या बाजूला मुठीवर एक ठिपका. म्हणजे कडं दिसलं की मूठ कुठे ते कळतं, आणि ठिपका दिसला की धार त्याच्या उलट बाजूला. विळ्याला आणि कोयत्याला हा ठिपका मी गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी करतो.

उसाच्या कोयत्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो: त्याला रुंद पट्टी टिकत नाही. रोजच्या घावांनी इपॉक्सीला चिरा जातात. तिथे नुसते दोन खोल ठिपके भरा, ड्रिलने पाच मिलिमीटरचं भोक पाडून. आणि कोणतंही हत्यार भर उन्हात पत्र्यावर टाकू नका. साधं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात पत्रा त्याहून जास्त तापतो.

तुमच्या चाकूची मूठ प्लास्टिकची असेल तर बहुतेक ती पॉलिप्रॉपिलीनची असणार, तिला इपॉक्सी चिकटतच नाही. तिथे मुठीच्या मागच्या टोकाला आरपार भोक पाडा, दोन्ही तोंडं थोडी रुंद करा आणि मग भरा. भरलेला खुंटा दोन्हीकडून अडकून राहतो, चिकटायची गरजच उरत नाही.