‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’: परदेशी अ‍ॅडमिशनचे तीन प्रश्न

मुलगी बारावीला आहे, कोथरूडला राहतो. कन्सल्टंट म्हणतो फॉर्ममध्ये तबला आणि मॅथ्स ऑलिंपियाड टाकू नका, फार टिपिकल इंडियन दिसतं. खरंच लपवायचं का?

अजिबात नाही. भीती कुठून आली ते मला कळतं. अमेरिकेत हार्वर्डवर 2014 मध्ये प्रवेशात एशियन-अमेरिकन मुलांशी भेदभाव होतो म्हणून केस झाली, त्यात समोर आलं की ही मुलं मार्कांत पुढे, पण ‘पर्सनल रेटिंग’ म्हणजे स्वभाव वगैरेच्या गुणांत सरासरी मागे, आणि ते गुण देणाऱ्या ऑफिसरांनी बहुतेक मुलांना पाहिलेलंही नव्हतं. 2019 ला खालच्या कोर्टाने मुद्दाम भेदभाव केला असं मानलं नाही, पण शाळेतून येणारी शिफारसपत्रंही कमी गुणांमागे असू शकतात असं म्हटलं. मला हे फार लागलं, कारण आपल्याकडची पत्रं मी रोज बघते, सगळी एकच, नाव बदला की दुसऱ्या मुलाचं तयार, सिन्सिअर, ओबिडियंट, हार्डवर्किंग. शिक्का आपणच मारून पाठवतो हो! मॅडमना भेटा, वर्गात तिने काय वेगळं विचारलं, कुणाला काय समजावून सांगितलं ते एकदोन प्रसंग लिहायला सांगा. आणि तबला राहू दे.

2023 च्या निकालाने आपल्या मुलांचा चान्स वाढला ना?

नाही. 29 जून 2023 ला हार्वर्डच्याच केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देणं बंद केलं, पुढच्या बॅचला तिथल्या एमआयटीत (आपल्या कोथरूडच्या नव्हे) एशियन-अमेरिकन 40 वरून 47 टक्क्यांवर गेले, पण ती तिथली मुलं. पुण्याहून अर्ज करणारा इंटरनॅशनलमध्ये मोजला जातो. तुमची खरी अडचण पैशांची, एड म्हणजे फीसाठी आर्थिक मदत मागितली की बऱ्याच ठिकाणी निवडीवर परिणाम होतो, एमआयटी, येलसारख्या थोड्याच ठिकाणी होत नाही. आधी ती यादी काढा.

भाचा तिकडे शिकतो, म्हणतो ब्लॅक मुलं कोट्यातून येतात. हा अन्याय नाही का?

वंशाचा कोटा तिथे सुप्रीम कोर्टाच्या 1978 च्या बाक्के निकालापासूनच बेकायदा आहे. उलट त्याच हार्वर्ड केसच्या आकड्यांत दिसलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्के एकतर खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची, स्टाफची मुलं किंवा देणगीदारांशी वगैरे संबंधित डीनच्या यादीतली. त्यांना कोट्यातले कोणी म्हणत नाही. आपल्या कॉलेज कॅन्टीनमध्येही मॅनेजमेंट सीटवाल्याला कोणी रँक विचारत नाही, रिझर्व्हेशनच्या मुलीला मात्र पहिल्याच आठवड्यात विचारतात. भाच्याला हे सांगा, आणि तुमच्या घरी जेवताना अशी वाक्यं निघत असतील तर तीही थांबवा.