ताई, उद्या पहाटे ये
कॅन्सरचं केमो संपून महिना झाला तरी अंगात त्राण नाही, म्हणून तू खाटेवर पडून राहतेस. मीही राहिले होते. पण ताई, हा थकवा झोपून जात नाही, चालल्याने उतरतो. २०१९ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने जमवलेल्या तज्ज्ञांनी आठवड्यातून ३ दिवस अर्धा तास चालणं आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला. डॉक्टरांना विचार आणि तू ५ मिनिटांपासूनच सुरू कर. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

स्तनाच्या ऑपरेशनच्या बाजूचा हात आखडला आहे ना? भिंतीसमोर उभी राहा, बोटं मुंगीसारखी वर चढव, ताण आला की थांब. मी मातीच्या भिंतीवर रोज कोळशाची खूण करायची. खूण देवळीच्या वर गेली त्या दिवशी वेणी माझी मी घातली! वजनाने हात सुजतो, असं सगळ्या म्हणतात. एकदम कापसाचं गाठोडं नको, पण अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून हळूहळू वाढवलेलं वजन चालतं. सूज, ताप, छातीत दुखणं, हाडात नवी कळ असली तर व्यायाम बंद, आधी दवाखाना.

उन्हाळ्यात आम्ही साडेपाचलाच निघतो, आठनंतर ऊन सोसत नाही. पदर घेऊन ये, आमच्यातल्या तिघींचेही केस गेले होते. तळपाय बधिर वाटत असतील तर चप्पल नको; सुनेचे बूट घेऊन मी तुझ्या दारावरून येते.