डास म्हणजे ते

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचून हसू आलं. "मावशी, जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे, मी हा विषय सोडणार." आठवीतल्या पोरीला राग यावा असंच प्रकरण आहे. त्यात नपुंसकलिंगी शब्दाआधी लागणारं उपपद 'डास'! पहिल्या दिवशी वर्गात त्यावर किती हशा पिकला असेल, ते न सांगताही कळलं.

सोडायच्या आधी घरात जरा कान दे. आजी तुला अजून 'आमचं पोरगं' म्हणते ना? लेकरू ते, वासरू ते, कोकरू ते. जर्मनमध्येही मूल म्हणजे किंट, वासरू म्हणजे काल्प, कोकरू म्हणजे लाम, तिन्ही 'डास'. मुलगी म्हणजे 'मेडशन', त्याच्या शेवटी जो 'शन' आहे, तो शब्दाला लहान, लाडका करतो. तो लागला की मूळ शब्द कुठल्याही लिंगाचा असो, नपुंसकलिंगीच होतो. लाडात लिंग गेलं, एवढंच. आणि लिंगावरून आपण कुणाला नावं ठेवणार? आपली आजी बाहेर पडताना 'मी जाऊन येतो'च म्हणते की.

मात्र मराठीतलं लिंग उचलून तिकडे लावू नकोस. जेवणाच्या टेबलावर बघ: चमचा 'डेअर' म्हणजे पुल्लिंगी, काटा 'डी' म्हणजे स्त्रीलिंगी, सुरी 'डास'. एका ताटाशी तीन लिंगं, आणि त्यामागे कारण शोधत बसलीस तर जेवण गार होईल. शब्द पाठ करायचा तो उपपदासकट. नुसता शब्द लिहिलास तर तो अर्धाच लिहिला समज.

आता माझी फजिती ऐक. इथे बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात असताना जर्मन मशिनींची माहितीपुस्तकं हाताळावी लागायची, म्हणून मी ही भाषा शिकायला लागले. वर्षभर सगळं इंग्रजीतून. एकदा मशीन बसवायला जर्मनीहून इंजिनिअर आला होता. डिसेंबरची सकाळ, मी स्वेटर विसरलेली. त्याला म्हटलं, 'इश बिन काल्ट.' 'आय ॲम कोल्ड'चं शब्दाला शब्द भाषांतर. तो गालातल्या गालात हसला. मी त्याला सांगून बसले होते की मी थंड काळजाची बाई आहे! म्हणायचं होतं 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे मला थंडी वाजते. 'मिअर' म्हणजे आपलं 'मला'. 'डास गेफेल्ट मिअर', ते मला आवडतं. ही चतुर्थी विभक्ती आपण जन्मापासून बोलतोय, आणि मी ती इंग्रजीत शोधत होते.

आकड्यांचंही तेच. चोपन्नला जर्मन म्हणतात 'चार आणि पन्नास': फियर-उंट-फ्युन्फत्सिश. आपल्या चोपन्नातही चार आधी, पन्नास मागून. वर्गातल्या कन्नड मैत्रिणींना हे उलटं वाटेल, कारण त्यांच्या ऐवत्तनाल्कुत पन्नास आधी येतात. त्यांना समजावून सांग. 'झेड' अक्षराचा उच्चारही तुला फुकट मिळालाय: तो चमच्यातला 'च', चहातला नव्हे.

पण कन्नडला कमी लेखू नकोस, एका ठिकाणी मराठी तोंडावर पडते आणि कन्नडच हात देते. कन्नडमध्ये आखूड 'ओ'नं 'ओले' म्हटलं तर चूल, लांबवून म्हटलं तर पत्र. जर्मनमध्ये 'ओफन'चा 'ओ' लांबवला तर भट्टी, आखूड ठेवला तर 'उघडं'. मराठी लिपीत हा फरक दाखवायला अक्षरच नाही. मी इथे लिहितेय तसं जर्मन देवनागरीत लिहायची सवय तू वहीत अजिबात लावून घेऊ नकोस. खडेबाजारात कन्नड ऐकत वाढलेल्या तुझ्या कानाला हा फरक कळतो. कानावर भिस्त ठेव.

फर्डिनांड किटेल नावाचा जर्मन मिशनरी 1853 साली इकडे आला, धारवाडलाही राहिला. त्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश निघाला 1894 साली. मधली एक्केचाळीस वर्षं मोज, आणि मग तीन आठवड्यांत विषय सोडायची भाषा कर!

परीक्षेचं विचारलंस. दहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी 'फिट इन डॉइच' नावाची पहिल्या पातळीची परीक्षा असते. पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, चौकशी करू, पण यंदा नाही. आधी तुझ्या बाईंना वर्गात दोन वाक्यं न अडखळता म्हणून दाखव.

'यू'वर दोन टिंबं असलेला तो स्वर जमत नाही म्हणालीस. आरशासमोर उभी राहा, 'ई' म्हणत राहा, जीभ न हलवता ओठ 'ऊ'सारखे गोल कर. भाऊ चिडवेल, चिडवू दे. रविवारी वही घेऊन ये. येताना आपली कुंदा मिठाई आण, आणि कुंदा 'डेअर', 'डी' की 'डास' हे ठरवूनच दारात पाय ठेव.

तुझी,
मावशी